पानाच्या देठातून मातीची चौकशी: हातपंपी प्रेशर चेंबर दोन हंगाम वापरल्यानंतर

ओलाव्याचे सेन्सर मातीला विचारतात, हवामान केंद्र हवेला विचारते, आणि प्रेशर चेंबर हे उपकरण थेट द्राक्षवेलीला विचारते की तुला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो आहे. या एका कारणासाठी मी दोन हंगामांपूर्वी हातपंपावर चालणारा प्रेशर चेंबर घेतला. पाणी कधी द्यायचे हे ठरवणे हा माझा पहिला हेतू नव्हता. एकाच प्लॉटमध्ये, एकाच वाणाच्या, एकाच खुंटावरच्या (म्हणजे ज्या मूळरोपावर कलम करतात ते एकच असलेल्या), एकाच दिवशी छाटलेल्या आणि एकाच व्हॉल्व्हवर पाणी घेणाऱ्या वेली तीन वेगवेगळ्या बागांतल्या असल्यासारख्या का वागतात, हे मला शोधायचे होते. प्लॉटच्या वरच्या टोकाला शेंड्याची वाढ लवकर थांबते, पाने लहान राहतात आणि मणीही बारीक पडतात. खालच्या टोकाला मण्यांत पाणी उतरून गेले, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागले, तरी शेंडे वाढतच असतात. मधल्या पट्ट्यात तर काही वेली जोमदार आणि त्यांच्या शेजारच्या खुरटलेल्या, असा प्रकार होता. वरवर पाहता माती थोडी थोडी बदलते हे दिसत होते. पण माती बदलल्याने वेलीच्या आत नेमके काय बदलते, हे डोळ्यांना दिसणारे नव्हते.

उपकरण तसे साधे आहे. पान देठासह कापायचे, झाकणातल्या रबरी सीलमधून देठाचे टोक बाहेर ठेवून पान जाड धातूच्या कोठीत बंद करायचे आणि कोठीतला दाब हळूहळू वाढवत न्यायचा. देठाच्या कापलेल्या तोंडावर रस चमकू लागला की तिथे थांबून दाब वाचायचा. वेलीतला पाण्याचा स्तंभ मुळापासून पानापर्यंत ताणलेल्या दोरीसारखा असतो आणि पान कापताच ती दोरी तुटून पाणी देठात आत सरकते. ते पुन्हा कापलेल्या तोंडापर्यंत ढकलायला जेवढा दाब लागतो, जवळजवळ तेवढाच ताण पान कापण्यापूर्वी त्या स्तंभात होता, असे गृहीत धरले जाते. पाणी ताणाखाली वर चढते ही कल्पना डिक्सन आणि जोली यांनी १८९४ च्या सुमारास मांडली होती, परंतु तो ताण शेतात उभे राहून मोजण्याची सोय १९६५ मध्ये पेर स्कोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र प्रसिद्ध केल्यानंतरच झाली. त्यांनी अतिउंच वृक्षांच्या शेंड्यावरच्या डहाळ्या बंदुकीने पाडून मोजल्या होत्या. आपल्याला छातीच्या उंचीवरचे पान तोडायचे असते, त्यामुळे तक्रारीला जागा कमी आहे.

शास्त्रीय लिखाणात ही मोजणी उणे चिन्हासह मेगापास्कलमध्ये दिली जाते. उपकरणाच्या तबकडीवर मात्र ती बारमध्ये आणि धन चिन्हाने दिसते. दहा बार म्हणजे एक मेगापास्कल. मी पुढे बारच वापरतो, आणि आकडा जितका मोठा तितका ताण जास्त, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

सिलिंडरमधल्या नायट्रोजनवर चालणारा मोठा चेंबर न घेता हातपंपाचा घेण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो, पण त्याला अटी आहेत. सिलिंडर वाहून न्यावा लागत नाही, तो भरून आणण्याची कटकट नाही, आणि उपकरण एका खांद्यावर टाकून ओळींमधून फिरता येते. उलट अशा हातपंपाची मजल साधारण २० बारपर्यंतच असते. द्राक्षवेलीसाठी ती पुरते, कारण त्यापलीकडे गेलेल्या वेलीला मोजणीची नव्हे, तातडीने पाण्याची गरज असते. अडचण वेगळीच आहे. सात-आठ बारपर्यंत पंप मारणे हा व्यायाम वाटतो. चौदा बारच्या वेली मोजायच्या दिवशी विसाव्या पानानंतर हात भरून येतात, आणि हात दमला की माणूस घाई करतो. घाईने मारलेल्या पंपाने दाब टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि नेमका रस दिसण्याचा क्षण दोन ठोक्यांच्या मध्ये हरवतो. सिलिंडरच्या चेंबरमध्ये झडप बारीक उघडून दाब संथपणे वाढवता येतो. तिथली अचूकता या उपकरणात नाही. अर्ध्या बारचा फरक हा फरक समजायचा नाही, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

पहिल्या महिन्यातल्या माझ्या निम्म्याहून अधिक नोंदी मी नंतर खोडून टाकल्या. सील जास्त आवळले तर द्राक्षाच्या पानाचा कोवळा देठ चेपतो आणि त्यातून आलेला ओलावा खरा रस आहे असे वाटते. सील सैल राहिले तर हवा सुटते आणि देठाच्या तोंडावर फेस येतो. फेस म्हणजे रस नव्हे, हे कळायला मला बरीच पाने वाया घालवावी लागली. पान कापल्यापासून मिनिटाच्या आत ते कोठीत गेले पाहिजे, आणि एकदा कापलेला देठ पुन्हा कापून ताजा करण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण देठाची लांबी बदलली की आकडाही बदलू शकतो. सोबतच्या माहितीपुस्तिकेत यातल्या दोन गोष्टी आहेत, बाकीच्या नाहीत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावण्याची सूचना आहे, आणि ती औपचारिकता समजू नये. देठावर वाकून पाहताना तोंड आणि दाबाखालची कोठी यांत वीतभर अंतर असते.

कोणते पान, कोणत्या वेळी, हा प्रश्न उपकरणाइतकाच महत्त्वाचा आहे. उघडे पान भर दुपारी मोजले तर त्या पानावरचे ऊन, वारा आणि त्याची रंध्रे (वाफ बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे) यांचा आकडा मिळतो. म्हणून पान वेलीवर असतानाच निदान तासभर आधी प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमच्या पिशवीत झाकून ठेवतात. त्याचे बाष्पोत्सर्जन थांबते, ते खोडातल्या पाण्याशी समतोलावर येते, आणि मग मिळणारा आकडा त्या एका पानाचा न राहता वेलीचा होतो. याला खोडाचा जलविभव, म्हणजे खोडातल्या पाण्यावरच्या ताणाचे माप, म्हणतात. मातीतले फरक ओळखण्यासाठी हा आकडा उघड्या पानापेक्षा अधिक संवेदनशील आहे, असे फ्रान्समधल्या बोर्दो येथील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले होते आणि माझा अनुभव त्याला पूर्ण दुजोरा देणारा आहे. उघड्या पानांवर माझ्या प्लॉटची तिन्ही टोके जवळजवळ सारखीच वाटत होती. झाकलेल्या पानांनी पहिल्याच दुपारी त्यांना वेगळे केले.

आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे अंदाज असे: दुपारी झाकलेल्या पानावर ६ बारच्या आत ताण नाही, ६ ते ९ सौम्य, ९ ते ११ सौम्य ते मध्यम, ११ ते १४ मध्यम ते तीव्र, आणि १४ च्या पुढे तीव्र. पहाटे, उजाडण्यापूर्वी मोजले तर हेच टप्पे २, ३, ५ आणि ८ बारवर येतात. वाइनच्या काळ्या वाणांसाठी सौम्य ते मध्यम ताण हवाहवासा मानला जातो. खाण्याच्या द्राक्षांना, जिथे मण्याचा आकार महत्त्वाचा, तो तितकासा परवडत नाही. मात्र दुपारचा आकडा त्या दिवशीच्या हवेच्या कोरडेपणावरही अवलंबून असतो, म्हणून सोमवारी वरचे टोक आणि गुरुवारी खालचे टोक मोजून तुलना करणे निरर्थक आहे. सर्व पट्टे एकाच दुपारी, दोन तासांच्या आत मोजावे लागतात. एका पानाला पंप, वाचन आणि नोंद मिळून दोन-तीन मिनिटे लागतात. ओळींमधून चालण्याचा वेळही धरून हिशेब केला तर एका दुपारी फार तर तीस-चाळीस पाने होतात, आणि प्लॉटमध्ये वेली मात्र हजारोंनी असतात.

इथेच या उपकरणाची खरी मर्यादा आहे आणि इथेच मला दुसरी सेवा विकत घ्यावी लागली. कुठल्या तीस वेली मोजायच्या हे चेंबर सांगत नाही. ते ठरवण्यासाठी मी मातीच्या विद्युतवाहकतेचा नकाशा करून देणाऱ्या एका सेवेला बोलावले. त्यांचे यंत्र गाडीमागे ओढत ओळींमधून नेले जाते; ते जमिनीत विद्युत-चुंबकीय क्षेत्र सोडते आणि जमिनीतून परत येणाऱ्या प्रतिसादावरून मातीची वाहकता काढते. या वर्गातले सर्वांत परिचित उपकरण, ईएम-३८, उभ्या मांडणीत साधारण दीड मीटर आणि आडव्या मांडणीत साधारण पाऊण मीटर खोलीपर्यंतच्या मातीचा एकत्रित आकडा देते. वाहकता चिकणमातीच्या प्रमाणाने वाढते, ओलाव्याने वाढते, क्षारांनी वाढते आणि तापमानानेही वाढते. त्यामुळे नकाशावरचा गडद रंग म्हणजे चिकणमाती, की ओल, की खारवट जागा, हे नकाशा एकटा कधीच सांगू शकत नाही.

सेवेबद्दल माझे मत मिश्र आहे. सीमा शोधण्याचे काम तिने उत्तम केले. वरच्या टोकाचा गोटाळ मुरमाड पट्टा मला सरळ रेषेत संपतो असे वाटत होते; नकाशावर तो जिभेसारखा मधल्या भागात शिरलेला निघाला, आणि खुरटलेल्या वेलींपैकी काही नेमक्या त्या जिभेवर होत्या. पण पहिल्या नकाशात ओळींच्या दिशेने जाणारे चमत्कारिक पट्टेही होते, ज्यांना अहवालात गंभीरपणे मातीचे पट्टे म्हटले होते. ते माझ्या मांडवाचे लोखंडी खांब होते. लोखंडी खांबांचा मांडव विद्युत-चुंबकीय सर्वेक्षणाचे आकडे बिघडवतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००५ मध्येच प्रसिद्ध केले आहे. सेवा देणाऱ्यांनी हे मला आधी सांगायला हवे होते, आणि मी विचारल्यानंतर त्यांनी ते मान्य केले, हे सांगताना मला आनंद होत नाही. ओळीच्या नेमक्या मधून, खांबांपासून शक्य तितके दूर राहून त्यांनी दुसरी फेरी मारली तेव्हा पट्टे बरेचसे गेले. दुसरी तक्रार अशी की, सर्वेक्षण पाणी दिल्यानंतर लगेच झाले आणि ठिबकखालच्या ओल्या पट्ट्याचा रंग नकाशात मिसळला. अख्खी जमीन वाफशावर असताना, म्हणजे पावसानंतर जास्तीचे पाणी निचरून गेल्यावर, हे काम करून घेणे अधिक शहाणपणाचे ठरले असते.

अहवालाच्या शेवटी रंगानुसार पाण्याची मात्रा सुचवणारे एक पान होते. ते मी बाजूला ठेवले. गडद रंगाला कमी पाणी आणि फिकट रंगाला जास्त, असा तो सरळ हिशेब होता, आणि माझ्या मधल्या पट्ट्यात तो साफ चुकीचा ठरला असता.

तो मधला पट्टा हीच या दोन हंगामांची मुख्य कहाणी आहे. नकाशावर सर्वांत गडद भाग तोच. मी बसवलेल्या दोन ओलावा सेन्सरांपैकी एक तिथेच होता आणि तो हंगामभर सांगत होता की मातीत पाणी भरपूर आहे. वेली मात्र दुपारी मलूल दिसत. मी त्याला मुळांचा रोग समजत होतो. चेंबरने पहिल्याच आठवड्यात दाखवले की सेन्सरच्या हाताच्या अंतरावरच्या वेली बारा बारच्या पुढे आहेत आणि गोटाळ पट्ट्यातल्या, ज्यांना मी सर्वांत तहानलेल्या समजत होतो, त्या त्यांच्याहून बऱ्या आहेत. दोन उपकरणे एकमेकांना खोटे पाडत होती, आणि खरे पाहता दोन्ही खरे बोलत होती.

हा पेच समजण्यासाठी मातीत पाणी किती आहे आणि ते किती घट्ट धरलेले आहे, या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. माझा सेन्सर आकारमानाने किती पाणी आहे ते मोजतो. वाळूच्या कणांमधली पोकळी मोठी असते, म्हणून तिथले थोडेसे पाणी वेल सहज ओढून घेते आणि मग ते एकदम संपते. चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात. त्यांच्या फटींत आणि पृष्ठभागांवर पाणी इतक्या घट्टपणे चिकटलेले असते की पाणी असूनही त्याचा मोठा हिस्सा वेलीच्या कामाचा नसतो. वाळूसर मातीत ज्या आकड्याला आपण जमीन भिजली म्हणू, त्याच आकड्याला चिकणमातीत वेल कोमेजू शकते. वेलीला घेता येण्याजोगे पाणी वाळूसर मातीत मीटरभर खोलीमागे साधारण ५० ते १०० मिलिमीटर आणि चांगल्या पोयट्यात (वाळू, गाळ आणि चिकणमाती यांच्या समतोल मिश्रणाच्या मातीत) १५० ते २०० मिलिमीटर असते. भारी चिकणमातीत एकूण पाणी पोयट्याहून जास्त असूनही घेता येण्याजोगे पाणी त्याहून जास्त असेलच असे नाही. शिवाय हे मिलिमीटर मुळी जिथपर्यंत पोहोचली तिथपर्यंतच मोजायचे असतात.

ही शेवटची गोष्ट मला खड्ड्याने दाखवली. मी नकाशावरच्या प्रत्येक रंगात एक, असे खड्डे खणले, आणि दोन हंगामांत मी केलेल्या सर्व खर्चात या खड्ड्यांनी सर्वांत जास्त शिकवले. मधल्या पट्ट्यात गुडघाभर खोलीवर चिकणमातीचा दडपलेला थर होता, इतका घट्ट की कुदळ त्यावरून निसटत होती. पांढरी मुळी त्या थरापर्यंत येऊन आडवी वळलेली होती. थराच्या आत जुन्या भेगांमधून गेलेल्या मोजक्या मुळांखेरीज काही नव्हते. सेन्सरचे खालचे टोक या थरात होते. म्हणजे सेन्सर वेलीच्या हाती नसलेल्या पाण्याचा हिशेब प्रामाणिकपणे देत होता. वरच्या टोकाच्या खड्ड्यात उलट चित्र होते. निम्म्याहून जास्त गोटे, मध्ये थोडी माती, पण मुळ्या गोट्यांच्या फटींतून माझ्या उंचीपेक्षा खोल गेलेल्या. गोटे पाणी धरत नाहीत, त्यामुळे दर मीटरमागे पाण्याचा साठा निम्म्यावर येतो. मात्र मीटर दुप्पट झाले तर हिशेब पुन्हा जुळतो. खालच्या टोकाला खोल पोयटा होता आणि तळाशी माती ओलसर लागली. भूजल तिथे मुळांच्या आवाक्यात असावे, असे शेंडे न थांबण्यावरून वाटतेच.

मातीचा पोत, दगडांचे प्रमाण, मुळांची खोली आणि भूजल या चार गोष्टींचे हे गणित नवे नाही. बोर्दोचे संशोधक जेरार सेगँ यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्याच मेदोक या वाइनच्या भागातल्या गोटाळ जमिनींचा आणि तिथल्या इतर नावाजलेल्या जमिनींचा अभ्यास करून हेच म्हटले होते: उत्तम वाइनच्या जमिनी रासायनिक दृष्ट्या एकमेकींसारख्या नसतात, पण वेलीला पाणी बेताने आणि नियमितपणे पुरवण्याची त्यांची रीत मिळतीजुळती असते. पुढे कॉर्नेलिस व्हॅन लिउवेन आणि सहकाऱ्यांनी बोर्दोच्याच सेंत-एमिलियों भागात गोटाळ, जड चिकण तळ असलेली आणि मुळांच्या आवाक्यात भूजल असलेली वाळूसर, अशा तीन मातींवर मेर्लो, काबेर्ने फ्रां आणि काबेर्ने सोव्हिन्यों हे तीन वाण पाच हंगाम मोजले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामाचा निष्कर्ष असा की हवामान आणि माती यांचा परिणाम वाणाच्या परिणामाहून मोठा होता, आणि तो मुख्यतः वेलीच्या पाण्याच्या स्थितीतून घडत होता. तिथल्या चिकणमातीने वेलींना लवकर पण माफक ताण दिला आणि द्राक्षे चांगली पिकली. माझ्या चिकणमातीने तसे केले नाही, कारण माझ्याकडे तो थर दडपलेला आहे. म्हणूनच मातीचे नाव वाचून वेलीचे भविष्य सांगणाऱ्या तक्त्यांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

दुसरी गोष्ट चेंबरनेच उघड केली, आणि ती कोणत्याही नकाशावर दिसली नसती: पट्ट्यांचा क्रम हंगामात बदलतो. फळधारणेच्या सुमारास जमीन सगळीकडे भरलेली होती तेव्हा तिन्ही पट्ट्यांचे आकडे एका बारच्या आत होते; त्या दिवशीच मोजून थांबलो असतो तर मातीने काहीच फरक पडत नाही असे लिहून मोकळा झालो असतो. जमीन कोरडी होत गेली तसे पट्टे दूर गेले. गोटाळ पट्टा आधी ताणात आला, शेंडा थांबला, पाने कमी राहिली, आणि त्यानंतर त्याचा आकडा फारसा वाढलाच नाही, कारण वेलीने आपली गरज आधीच बेताची करून घेतली होती. खोल पोयट्यातल्या वेलींनी मात्र मोठा पर्णसंभार उभा केला होता. एका कोरड्या आठवड्यात, ठिबक बिघडून दोन पाळ्या चुकल्यावर, त्यांचा आकडा गोटाळ पट्ट्याला मागे टाकून वर गेला; ज्या ओळी मला सर्वांत सुरक्षित वाटत होत्या त्याच सर्वांत वेगाने घसरल्या. दक्षिण फ्रान्समध्ये झालेल्या कामातही हेच दिसले आहे की कोरडेपणा वाढतो तसा एकाच बागेतल्या वेलींमधला फरक वाढत जातो, आणि त्या फरकाचे नकाशे वर्षानुवर्षे बऱ्यापैकी टिकून राहतात. हे टिकून राहणे फार उपयोगाचे आहे. एकदा पट्टे नीट ओळखले की पुढच्या हंगामात प्रत्येक पट्ट्यातल्या मोजक्या वेली मोजून भागते.

पहाटेच्या मोजणीबद्दल एक सावधगिरीचा शब्द. रात्री रंध्रे मिटलेली असताना वेल मातीशी समतोल साधते, म्हणून पहाटेचा आकडा म्हणजे मातीचा आकडा, असे सर्वत्र वाचायला मिळते. ते खरे आहे, पण वेल मुळांच्या कक्षेतल्या सर्वांत ओल्या भागाशी समतोल साधते. ठिबकखाली बादलीभर ओली माती असेल आणि बाकी बोद (वेलींच्या ओळीचा मातीचा उंच वरंबा) कोरडा ठणठणीत असेल, तरी पहाटे वेल सुखात दिसते. दुपारी मागणी वाढली की तेवढ्या ओल्या कोपऱ्यातून पाणी पुरत नाही आणि खोडाचा आकडा चढतो. माझ्या गोटाळ पट्ट्यात, जिथे ड्रिपरखालचे पाणी आडवे न पसरता सरळ खाली जाते, हे फार स्पष्ट दिसले. ठिबकवरच्या आणि मातीत फरक असलेल्या बागेत मी दुपारची झाकलेली पानेच मोजण्याची शिफारस करीन. पहाटे चारला उठण्याचे पुण्य वेगळे.

तुलना करताना वाण आणि खुंट एकच असणे आवश्यक आहे. ग्रेनाशसारखे वाण ताण वाढताच रंध्रे आवळून आपला जलविभव राखतात, सिरा त्यामानाने ती उघडी ठेवून आकडा घसरू देते; याच अर्थाने एकाला सावध आणि दुसऱ्याला बेफिकीर म्हणतात, जरी ही विभागणी वाटते तितकी काटेकोर नाही. खुंटांचेही तसेच. ११० रिश्टर किंवा १४० रुग्जेरीवरच्या वेली कोरड्या जमिनीत तग धरतात, रिपारिया ग्ल्वार लवकर हार मानतो. दोन पट्ट्यांत दोन वेगळे खुंट असतील तर चेंबरचा आकडा मातीचा की खुंटाचा, हे सुटणार नाही.

ज्यांच्याकडे शेकडो एकरांचे क्षेत्र आहे त्यांना पंप मारत फिरणे शक्य नाही. त्यांच्यासाठी प्रयोगशाळांची एक सेवा आहे जी मला उपकरणाइतकीच उपयोगी वाटली: काढणीच्या वेळी रसातल्या साखरेतील कार्बन-१३ या समस्थानिकाचे प्रमाण मोजून घेणे. ताणातली वेल रंध्रे मिटते, आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड अपुरा पडतो आणि एरवी टाळला जाणारा जड कार्बनही वापरला जातो. हा आकडा ठरावीक प्रमाणनमुन्याच्या तुलनेत दर हजारी फरक म्हणून देतात. त्यामुळे तो उणे २७ च्या आसपास असेल तर वेल निवांत होती आणि उणे २० च्या आसपास असेल तर चांगलीच ताणात होती, असे वाचतात. मण्यांत पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंतच्या सर्व दिवसांची ही सरासरी असते आणि प्रत्येक पट्ट्यातून फक्त घडांचे नमुने पाठवावे लागतात. दोष एकच, पण मोठा: निकाल येतो तेव्हा हंगाम संपलेला असतो. मी दुसऱ्या वर्षी पट्ट्यांच्या सीमा तपासण्यासाठी ही चाचणी केली आणि मुरमाची ती जीभ तिथेही स्पष्ट उमटली.

या सगळ्यातून बागेत काय बदलले ते थोडक्यात सांगतो. व्हॉल्व्ह एकाचे तीन केले. गोटाळ पट्ट्याला थोडे थोडे पाणी कमी अंतराने देतो. खालच्या पोयट्याला हंगामाच्या सुरुवातीला उशिरा पाणी सुरू करतो, जेणेकरून पर्णसंभार उगाच वाढू नये. मधल्या पट्ट्यात पाळी लांबवण्याऐवजी जवळ आणली, कारण वेलीच्या हाती वरचा गुडघाभर थरच आहे. तिथला सेन्सर काढून त्या थराच्या वर, उथळ बसवला आणि आता त्याचे चेंबरशी पटते. खुरटलेल्या वेली पूर्ववत झाल्या असे मी म्हणणार नाही. उभ्या बागेत तो थर फोडता येत नाही. ते काम लागवडीपूर्वीच व्हायला हवे होते.

गुण द्यायचेच तर चेंबरला मी पाचपैकी चार देईन, आणि कापलेला एक गुण अपुऱ्या माहितीपुस्तिकेसाठी आहे. मातीनकाशाच्या सेवेला तीन, तेही खड्डे खणण्याची तयारी असणाऱ्यालाच. नुसता नकाशा घेऊन व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला एकही देणार नाही. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर आधी चेंबर घ्यावा आणि पट्टे वेलींच्या वाढीवरून, छाटणीच्या काड्यांच्या जाडीवरून किंवा उपग्रहाच्या एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) नकाशावरून अंदाजाने पाडावेत. ते पुष्कळदा पुरेसे जवळ जातात. चेंबर मागवताना सोबत जादा रबरी सील मागवून ठेवावीत. हंगामाच्या ऐन कोरड्या आठवड्यात माझे सील फाटले, बदली यायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांच्या नोंदवहीच्या ओळी अजून रिकाम्या आहेत.